बाबांचं अमेरिकन मशीन

माझ्या गॅरेजमध्ये गाडी नाही. लुडविग्सहाफेनमध्ये भाड्यानं गॅरेज मिळणं ही किती नशिबाची गोष्ट आहे ते इथे राहणाऱ्याला विचारा. मी त्या नशिबाचं काय केलं, तर गाडी रस्त्यावर उभी केली आणि गॅरेजमध्ये जुन्या अमेरिकन चेनसॉ भरल्या. चेनसॉ म्हणजे लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. पिवळ्या आहेत, निळ्या आहेत, लाल आहेत, आणि एकीचा मूळ रंग कोणता होता हे आता कुणीच सांगू शकणार नाही. सगळ्या माझ्या वयाच्या किंवा माझ्याहून मोठ्या. हिवाळ्यात सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना बायको मला जे ऐकवते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जुनं ते सगळं चांगलं, असं मानणाऱ्यांतला मी नाही. खरं सांगायचं तर या करवती वाईट आहेत. एका हातानं उचलली तर मनगट कुरकुरतं. साखळी थांबवायला ब्रेक नाही. साखळीला तेल द्यायला अंगठ्यानं बटण दाबत राहावं लागतं, आणि ते विसरलं की पात्यातून धूर निघतो. आजच्या करवतीत हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबर असतं. यांच्यात काही नाही, इंजिनाचा प्रत्येक धक्का सरळ हातात येतो. पण दोरी ओढल्यावर ती जी घोगरी, जाड, छातीत शिरणारी डरकाळी येते, आणि त्यामागून जळलेल्या तेलाचा वास येतो, त्यासाठी मी काहीही करेन. हे मी वयाच्या पन्नाशीत, केमिकल कंपनीत इंजिनियर असताना, शुद्धीवर राहून लिहितो आहे.

मागच्या वर्षी बाबा इथे आले होते. मला त्यांच्याशी एकदा धड बोलायचं होतं. फार काही नाही, बाप आणि मुलगा बोलतात तेवढंच. ते आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि आता वेळ उरला नव्हता. बाकी सगळे उपाय करून थकलो तेव्हा मी यांतली एक करवत बाहेर काढली.

बाबा जंगल खात्यात होते. आलापल्लीकडच्या सागाच्या जंगलात ज्या वर्षी जो पट्टा तोडायचा असेल त्याला कूप म्हणत, आणि हिवाळा सुरू झाला की बाबा कूपात राहायला जात. आधी सगळं काम कुऱ्हाडीवर आणि आऱ्यावर चालायचं. मग कुठल्याशा परदेशी योजनेतून अमेरिकन मशिनी आल्या. पिवळ्या, नव्या कोऱ्या, खोक्यात भरलेल्या. बाबांना पाण्याच्या पंपाचं इंजिन दुरुस्त करता यायचं, म्हणून त्यांच्या हाती एक मशीन आलं. सगळे त्याला नुसतं 'अमेरिकन' म्हणत. 'अमेरिकन आज सुरू होत नाही', 'अमेरिकनला तेल द्या', असं एखाद्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलत.

सुट्टीत आई मला घेऊन कूपात जायची. बाबा दिसायच्या कितीतरी आधी त्यांचं मशीन ऐकू यायचं. आई चालता चालता थांबायची, कान द्यायची आणि म्हणायची, "हाये. चालू हाये." मग ओल्या सागाच्या भुश्श्याचा वास यायचा, थोडासा चामड्यासारखा, आणि त्यात तेलाचा धूर मिसळलेला. बाबांच्या सदऱ्याला तो वास वर्षभर असायचा. आई कितीही धुवायची तरी जायचा नाही, आणि मला तो जायला नकोच असायचा.

आमची वस्ती गावाच्या कडेला, विहाराच्या मागे. जे लोक आमच्या बाजूला वळूनही बघत नसत ते त्या वर्षी मशीन बघायला कूपात आले. बाबांनी ते खांद्यावर टाकलं की बाकीचे दोन पावलं मागे सरायचे. ते मागे सरणं मी डोळे भरून बघितलं आहे. दसऱ्याला दुसरे कामगार आपापल्या कुऱ्हाडींना हळदकुंकू वाहायचे. आमच्याकडे पूजाअर्चा आजोबांच्या काळातच बंद झाली होती, पण बाबा त्या दिवशी मशीन पूर्ण उघडायचे, रॉकेलनं धुवायचे आणि साखळीचा दात न दात कानशीनं घासायचे. मी आजही दसऱ्याला गॅरेजमध्ये तेच करतो. लेक म्हणते, बाबा आज त्याच्या मशिनींना आंघोळ घालतोय. म्हणते जर्मनमध्ये.

बाबा घरी बोलत नसत. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात. आई त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, आणि ते मान हलवायचे. मला काही हवं असलं तर मी आईला सांगायचो, आई त्यांच्या कानात सांगायची, त्यांचं उत्तर आई मला सांगायची. दहावीचा निकाल, इंजिनियरिंगची ॲडमिशन, पुण्यातली नोकरी, जर्मनीला जाणं, लग्न, सगळं याच रस्त्यानं गेलं. हा रस्ता कधी बंद होईल असं मला वाटलंच नाही.

इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका रविवारी फ्लोमार्क्टला गेलो, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात. आमच्या या भागात अमेरिकन सैन्याच्या छावण्या होत्या, अजून आहेत, आणि त्यांचं टाकलेलं सामान लोकांच्या गोठ्यांतून बाहेर येत राहतं. कपबशा आणि भिंतीवरची घड्याळं यांच्यामध्ये एक निळी करवत पडली होती. मी टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. विकणाऱ्या बाईला वाटलं पेट्रोल झोंबलं, तिनं मला टिश्यू दिला. मी करवत ट्राममधून मांडीवर घेऊन घरी आलो.

ती आधी केलरमध्ये ठेवली, आमच्या इमारतीच्या तळघरात. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरनं वास घेत घेत माझ्या कप्प्याचं कुलूप शोधून काढलं आणि तळघरात पेट्रोल ठेवायला मनाई आहे हे मला इतक्या सावकाश समजावलं, की मी लहान मूल आहे किंवा आग लावणारा आहे यातलं त्याला नक्की काय वाटतंय ते कळेना. मग गॅरेज घेतलं. एकीच्या दोन झाल्या, आणि पुढे बायकोनं मोजणं सोडलं.

करवत नुसती ठेवून भागत नाही, चालवावी लागते. जंगलात चालवायची तर आधी कोर्स करावा लागतो, तिथे मला एक निवृत्त पोस्टमन भेटला. जवळच्या फाल्त्सच्या टेकड्यांत त्याच्या मालकीचा जंगलाचा एक अरुंद पट्टा आहे, ओक आणि चेस्टनटचा. त्याच्या शेगडीसाठी मी लाकूड कापून द्यायचं आणि बदल्यात माझी हौस भागवायची, असं आमचं ठरलं. गेली पंधराएक वर्षं हिवाळ्यातले बहुतेक शनिवार मी तिथे काढले. मला गाडीतून उतरताना पाहिलं की तो विचारतो, "काय मग, आज म्युझियममधून काय आणलं?" तो स्वतः नवी, हलकी, नारिंगी करवत वापरतो आणि तिच्या साखळीला माझ्या करवतींपेक्षा कमी धार असते.

पिवळी, अगदी बाबांच्यासारखी, मला कितीतरी वर्षं सापडली नाही. शेवटी फ्रान्सच्या सीमेजवळ एका शेतकऱ्याकडे मिळाली, कोंबड्यांच्या खुराड्यात, घाणीनं माखलेली. मी तिचा स्क्रू न स्क्रू काढला. पूर्ण हिवाळा गेला. रंग दिला नाही, कारण बाबांचीही घासून घासून हँडलजवळ उघडी पडली होती. ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी मी पोस्टमनच्या जंगलात एकटाच उभा राहून हसलो, आणि नंतर आईला फोन केला. आई म्हणाली, "सांगते त्याईले." काय सांगितलं, ते काय म्हणाले, मला कधी कळलं नाही. थोड्या दिवसांनी आई गेली.

आई गेल्यावर बहीण बाबांना चंद्रपूरला तिच्या घरी घेऊन गेली. मी म्हटलं, तीन महिन्यांचा व्हिसा काढू, इकडे पाठव. सप्टेंबरमध्ये ते आले. विमानतळावर व्हीलचेअरमधून उतरले, मला पाहून हात वर केला, आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "आता पुन्हा नाई येत बा मी. एकदा पाहून घेतो." ते त्यांचं त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं वाक्य.

मग माझा आटापिटा सुरू झाला. कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तपासून सांगितलं की नस संपलेली आहे, यंत्रानं फक्त गोंगाट मोठा होईल. तरीही मी यंत्र घेतलं. बाबांनी ते एक दिवस कानात घातलं, चेहरा वाकडा केला, आणि नंतर सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन आईसारखं ओरडून बघितलं. आईला काय युक्ती साधली होती कोण जाणे, माझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचेना. वरच्या मजल्यावरची बाई मात्र खाली आली आणि दारातून आत डोकावत म्हणाली, "आलेस इन ऑर्डनुंग?" सगळं ठीक आहे ना. तिला वाटलं मी म्हाताऱ्या बापाला मारतो आहे.

मग फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायला लागलो. 'कसं वाटतंय?' बाबा वाचायचे आणि म्हणायचे, "बरं." 'जेवण आवडतंय का?' "बरं." 'कूपातल्या गोष्टी सांगा ना.' ते माझ्याकडे बघायचे, फोन परत द्यायचे. एकदा मी लिहिलं, 'आईची आठवण येते?' त्यांनी ते वाचलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बाल्कनीत जाऊन कारखान्याच्या धुराड्यांकडे बघत बसले. तो पूर्ण दिवस मी स्वतःला शिव्या देत काढला.

लेकीचं मात्र त्यांच्याशी जमलं. ती शाळेतून आली की दोघं बाल्कनीत पत्ते खेळायची. ती त्यांना फसवायची, ते तिला फसवायचे, दोघं एकमेकांच्या हातावर चापट मारायची. एक शब्द नाही. मी तिला म्हटलं, काय करता गं तुम्ही तासन्‌तास न बोलता. ती म्हणाली, "वीर रेडन दोख." आम्ही बोलतो की. मला माझ्याच पोरीचा हेवा वाटला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली.

ऑक्टोबर गेला. परतीचं तिकीट फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं. रोज सकाळी दूध काढताना मी ते बघायचो. हे घरी जातील, बहिणीच्या घरी एका खोलीत बसतील, आणि एक दिवस फोन येईल. मग मला या माणसाबद्दल काय माहीत असेल? त्यांना चहात साखर किती लागते एवढंच. हे मी बायकोला बोलून दाखवलं आणि म्हटलं, आता एकच गोष्ट राहिली आहे. मी त्यांना पिवळी करवत दाखवतो.

बायको म्हणाली, "तू त्यांना एकदा विचार तरी. त्यांना बघायची आहे का."

"विचारायचं काय त्यात? ते त्यांचं मशीन आहे."

"त्यांचं नाही. तुझं आहे."

मला राग आला. हिला काय कळणार, ही पुण्याच्या शिवाजीनगरात वाढलेली, असं मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो नाही एवढी अक्कल होती.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी बाबांना गाडीत बसवलं. करवत मागे डिकीत चादरीखाली होती. हवा कोरडी आणि चांगलीच थंड होती, द्राक्षाचे मळे पिवळे पडलेले. बाबा काचेतून बघत होते. मी शाळकरी पोरासारखा खूश होतो. काय काय होईल याची चित्रं रंगवत होतो. ते हात फिरवतील. हसतील. म्हणतील, अरे, आमच्यावेळी असं झालं होतं, तसं झालं होतं. मी फक्त ऐकत राहीन.

पोस्टमन वाट बघत होता. त्यानं बाबांशी हात मिळवला, बाबांनी मग हात जोडले, दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून समजल्यासारखं हसले. पोस्टमननं बाबांसाठी ओंडक्यावर घोंगडी टाकून ठेवली होती. मी डिकी उघडली आणि चादर ओढली.

बाबा जवळ आले. मग टाकीवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"हे कुटून आनलं?"

मी फोनवर लिहिलं, 'तुमचंच आहे. अगदी तसंच. मी दुरुस्त केलं.'

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावर काही हललं ते मला दिसलं, आणि मी त्याचा मला हवा तो अर्थ लावला. मला वाटलं, भरून आलं. मी हातमोजे चढवले, करवत जमिनीवर ठेवली, मागच्या हँडलमध्ये बूट रोवला आणि दोरी ओढली. ती थंडीत कुरकुरली, मग पकडलं तिनं. तो आवाज सगळ्या दरीत भरून गेला. पोस्टमननं गमतीनं टोपी काढून सलाम ठोकला. ओकचा एक जाड ओंडका पडलेला होता, मी पातं त्यात घातलं. भुस्सा बुटांवर उडत होता. मी आठ वर्षांचा होतो, आई शेजारी उभी होती, सगळं होतं.

मग मी वर बघितलं. बाबा घोंगडीवर बसले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते, जसं टीव्हीचा आवाज बंद असताना चित्राकडे बघावं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या आवाजासाठी मी एवढी वर्षं घालवली तो त्यांना ऐकूच येत नव्हता. कसा येईल? तो त्यांनी शेवटचा कधी ऐकला असेल कोण जाणे. त्यांचे कान कुठे गेले हे मला माहीत होतं, डॉक्टरनंही विचारलं होतं की हे काय काम करत होते. मी उत्तर दिलं होतं, आणि दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

कुठलाही शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी थांबलो नाही. मला वाटलं, ऐकू येत नसेल तर हाताला तरी कळेल. मी करवत तशीच चालू, नुसती गुरगुरती ठेवून त्यांच्याजवळ नेली, त्यांचा हात धरला आणि हँडलवर ठेवला.

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग पुढे वाकले, अंगठ्यानं बटण सरकवलं आणि इंजिन बंद केलं. बटण कुठे आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही.

"हातमोजे काढ," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी माझ्या हातातली करवत घेऊन खाली ठेवली आणि माझा उजवा हातमोजा स्वतः ओढून काढला. माझं मधलं बोट धरलं, नख अंगठ्यानं जोरात दाबलं, सोडलं आणि बघत राहिले. नख दाबल्यावर पांढरं पडतं आणि सोडलं की लगेच गुलाबी होतं, कुणाचंही. माझं पांढरंच राहिलं. त्यांनी शेजारचं बोट दाबलं. तेही तसंच. दोन्ही बोटं टोकापासून मधल्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी होती. पोस्टमन जवळ येऊन बघू लागला आणि त्याचं हसू गेलं.

"कवापासून?"

"थंडी आहे बाबा," मी म्हणालो. त्यांनी माझ्या ओठांवरून ओळखलं.

"थंडी नाई हे."

नव्हतीच. दोन हिवाळे झाले होते. सायकलवरून कामाला जाताना बोटं पांढरी पडायची, मग जांभळी, मग आग व्हायची. सदऱ्याची वरची बटणं लागायची नाहीत. लॅपटॉपवर बोट आहे की नाही हे बघून ठरवावं लागायचं. मी जर्मनीच्या थंडीला नावं ठेवली, वयाला नावं ठेवली आणि महागातले हातमोजे घेतले.

बाबांनी माझा हात सोडला नाही. आणि मग बोलायला लागले. ज्या आवाजात बहिरी माणसं बोलतात तशा चढ्या, सपाट आवाजात, त्या शांत जंगलात.

"मुकादम हर शनिवारी नखं दाबून पाहात होता. ज्याचं रगत उशिरा आलं त्याच्या हातची मशीन काढून घेत होता. पुन्हा कुऱ्हाड. पुन्हा मांगं उभं राहा." त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. "मले आता चहाचा गिलास गरम हाये का थंडा, कळत नाई. तुही माय चहा फुंकून देत होती. तुले वाटे लाड करते. तू लहान होता तवा तुले उचलत नवतो मी. भेव वाटे. हातातून सुटून जाशील. समजतच नवतं पकडलं का नाई."

मी रडत होतो. लपवलं नाही, लपवून उपयोग नव्हता, आवाज त्यांना येणारच नव्हता.

"मले वाटलं तू शिकला. सुटला," ते म्हणाले. "आन्‌ तू पैसे देऊन घेऊन आला हे."

त्यांनी करवतीकडे बोट दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती. मला हवं होतं ते मला मिळालं होतं, बाबा माझ्याशी बोलले होते, आईला मध्ये न घेता. परत येताना गाडीत त्यांनी माझा उजवा हात गिअरवरून काढून स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि घासत राहिले. मी गाडी एका हातानं, दुसऱ्या गिअरमध्येच, लोकांचे हॉर्न खात घरापर्यंत आणली.

ते गेले. जाताना विमानतळावर एकच गोष्ट म्हणाले, "सोडून दे थे." मी हो म्हणून मान हलवली. इथल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. त्यानं बोटांत सुया टोचून तपासलं आणि म्हणाला, करवतीच्या धक्क्यांनी बोटांतल्या नसा आणि रक्तवाहिन्या मरत चालल्या आहेत, करवत पूर्ण बंद, नाहीतर बोटं बरी होणार नाहीत.

मग दर रविवारी दुपारी बहीण फोन लावायची, बाबा पडद्यावर यायचे, आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी म्हणायचे, "हात दाखव." मी उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरायचो. एकेक नख दाबून सोडायचो. ते डोळे बारीक करून बघायचे, बोटं मोजल्यासारखी मान हलवायचे, कधी म्हणायचे, "आज बरं हाये," कधी, "हे शेवटचं पुन्हा दाब." आणि त्यानंतर थोडं बोलायचे. आईबद्दल. कूपातल्या एका बोक्याबद्दल, जो मशीन बंद झाल्याशिवाय जवळ यायचा नाही. जन्मभर जे मिळालं नाही ते मला माझ्या मेलेल्या बोटांनी मिळवून दिलं. आठवडाभर मी रविवारची वाट बघायचो.

करवत मी तेव्हा सोडली नाही. सोडली असती तर हे लिहिलं नसतं. डिसेंबरात म्हटलं, पोस्टमनचं लाकूड राहिलं आहे, तेवढं करून देतो. पोस्टमन नको म्हणत होता. जानेवारीत म्हटलं, शेवटचं एकदा. ती चालू असते तेवढा वेळ आई शेजारी उभी असते, आणि बंद केली की नसते. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. बोटं अर्थातच आणखी पांढरी झाली. म्हणून रविवारी फोन यायच्या आधी मी न्हाणीघरात जाऊन नळाच्या गरम पाण्याखाली हात धरायला लागलो. लाल होईपर्यंत. पुसून येऊन बसलो की नखं कशी फुलासारखी गुलाबी. बाबा बघायचे आणि खूश व्हायचे. बायकोनं एकदा दारातून पाहिलं आणि निघून गेली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबांनी नेहमीसारखा हात दाखवायला सांगितलं. मी दाखवला. नखं दाबली, सोडली, गुलाबी झाली. त्यांनी बहिणीला फोन जवळ धरायला सांगितलं. पूर्ण तळहात बघितला, मग पालथा करायला लावला. लाल चामडी बघितली. बराच वेळ बघितली.

"आमी हात चुलीवर शेकत होतो," ते म्हणाले. "मुकादम यायच्या आधी."

आणि फोनसमोरून उठून आत गेले.

त्यानंतर मी करवतीला हात लावलेला नाही. सगळ्या विकायला काढल्या आहेत, पिवळीसुद्धा, हे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना दाखवलं. गरम पाणीही सोडलं. दर रविवारी मी पांढरी बोटं कॅमेऱ्यासमोर धरतो, नख दाबतो, सोडतो, आणि रक्त यायची वाट बघत बसतो. बहीण त्यांचा खांदा हलवून म्हणते, "बाबा, पाह्य ना, दादा हात दाखवून राहिला." ते खिडकीकडे तोंड करून बसलेले असतात.